घरोघरची यंत्रे : ओळख विसरणारा संगणक

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पूर्वी मिक्सरची पाती आणि पाण्याचे पंप यांची तक्रार अधिक असे. आता बहुतेक पत्रे बिनतारी जाळ्याची, म्हणजे ज्याला घराघरांतून वाय-फाय म्हणतात त्याची असतात. सिल्वासाच्या एका भगिनींचे पत्र आम्ही या वेळी मुद्दाम सर्वांआधी घेत आहोत. कारण त्यात विचारलेला प्रश्न यंत्राचा असला, तरी जे बिघडले आहे ते केवळ यंत्र नव्हे.

त्या लिहितात, घरी मामंजी आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षकी पेशातून निवृत्त. नातू नोकरीसाठी पुण्यास गेला तेव्हा स्वतःचा जुना लॅपटॉप आजोबांना देऊन गेला. दोन वर्षे सारे सुरळीत होते. सकाळी झाकण उघडावे, यंत्राने आपणहून घरच्या जाळ्याशी संधान बांधावे, मामंजींनी चार वर्तमानपत्रे वाचावीत, दुपारी घराण्याची हकीकत टंकित करावी आणि रात्री नातवाशी समोरासमोर बोलावे, असा क्रम होता. दिवाळीपासून यंत्राने आपणहून जुळणे सोडले. कधी नुसतेच स्वस्थ बसते, मग जाळ्याचे नाव निवडून हाताने जोडावे लागते. कधी जोडलेले दिसते आणि तासाभरात सूनबाईंच्या फोनवरची दिवसाची डेटाची मर्यादा संपल्याचा संदेश येतो. दुरुस्ती करणारा मुलगा तीनदा येऊन गेला. प्रत्येक वेळी त्याने कोठेतरी बोट लावले, यंत्र जुळले, त्याने तीनशे रुपये घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, "काका, पासवर्डच काढून टाकू या, म्हणजे कटकट नाही."

मामंजींना ते पटले नाही. त्यांनी इंटरनेटवर शोधून मदतीचा म्हणून एक क्रमांक मिळवला व तो फिरवला. पलीकडच्या गृहस्थाने फार अदबीने एक ॲप उतरवून घ्यावयास सांगितले आणि पडद्यावर उमटणारा आकडा वाचून दाखवा म्हणाला. सूनबाई स्वयंपाकघरातून वेळेवर बाहेर आल्या व त्यांनी फोन बंद केला. पैसे गेले नाहीत. पण त्या संध्याकाळी मामंजींनी लॅपटॉप मिटला, त्यावर धुतलेला पंचा पांघरला आणि तो कपाटावर ठेवून दिला. "मला आता त्याची गरज नाही," एवढेच ते बोलले. घराण्याची हकीकत अर्ध्यावर थांबली आहे. "यंत्र दुरुस्त झाले नाही तरी चालेल, पण मामंजींना ते खाली काढावेसे वाटेल असे काही सांगा," असे त्या भगिनींनी शेवटी लिहिले आहे.

वाचकहो, दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे यंत्र काय करू पाहते आहे ते जाणून घेणे. कोपऱ्यात दिवे लुकलुकवीत बसलेली जी पेटी, तिला राउटर म्हणतात. ही पेटी दवंडीवाल्यासारखी दर सेकंदास साधारण दहा वेळा आपले नाव बिनतारी लहरींवरून पुकारीत असते. लॅपटॉप जागा झाला की प्रथम या दवंड्या ऐकतो. मग आपल्याजवळच्या यादीत, म्हणजे पूर्वी ज्या ज्या जाळ्यांशी तो जोडला गेला त्यांच्या नोंदवहीत, ते नाव आहे काय हे पाहतो. नाव असले आणि त्यापुढे 'आपणहून जोडावे' अशी खूण असली, तरच तो पुढे सरकतो. नंतर परवलीचा शब्द. येथे एक मौज आहे. परवलीचा शब्द हवेतून जातच नाही. दोन्ही पक्ष त्या शब्दावरून एक हिशेब करतात आणि केवळ हिशेबाचे उत्तर परस्परांस दाखवतात. उत्तरे जुळली म्हणजे शब्द दोघांनाही ठाऊक आहे हे सिद्ध होते. आणि सर्वांत शेवटी राउटर लॅपटॉपला घरातला एक तात्पुरता पत्ता नेमून देतो. तो मिळाला नाही तर यंत्र स्वतःच १६९.२५४ ने आरंभ होणारा एक पत्ता घेऊन बसते. असा पत्ता दिसला की समजावे, दार उघडले, पण आत बसावयास पाट मिळाला नाही.

वाट असणे आणि वाटेने जाण्याची मुभा असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे सिल्वासाकरांस आम्ही काय सांगावे! १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले, आणि दमणहून येथवर येण्याच्या वाटेचा हक्क मागण्यासाठी पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता तसा हक्क होता असे म्हटले, सशस्त्र दलांना मात्र तो नव्हता असे ठरवले, आणि वाट रोखण्यात भारताने कोणतेही कर्तव्य मोडले नाही असा निर्वाळा दिला. रस्ता तोच, पण कोणी जावे याची यादी वेगळी. लॅपटॉपच्या पोटातही अशीच एक यादी असते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ लहरींत नसून त्या यादीत असते.

आम्ही त्या भगिनींना उलटटपाली तीन प्रश्न विचारले. दिवाळीच्या सुमारास घरच्या पेटीत काही बदल झाला काय? त्या दिवसांत लॅपटॉप दुसऱ्या कशाला जोडला होता काय? आणि यंत्र न जुळण्याचे प्रसंग झाकण मिटून उघडल्यानंतरचे आहेत की पुरते बंद करून सुरू केल्यानंतरचे? निदानाचे निम्मे काम अशा प्रश्नांतच होते. दुरुस्तीवाल्यास तेवढी सवड नसते. त्याला पुढल्या घरी जावयाचे असते.

उत्तर सविस्तर आले. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी जुनी पेटी बंद पडली, चार दिवसांनी नवी बसली. नाव जुनेच ठेवले, परवलीचा शब्द मात्र बदलला. मधल्या चार दिवसांत सुटीवर आलेल्या नातवाने आईच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला होता. हॉटस्पॉट म्हणजे फोननेच काही काळ राउटरचे काम करणे. तो पुढे बंद करावयाचा राहून गेला, आणि कोणी जोडलेले नसल्यास आपणहून बंद होण्याची सोय त्या फोनवर चालू नव्हती. फोन रात्री मामंजींच्या खोलीबाहेरच चार्जिंगला लावलेला असतो.

एवढ्यावरून गुंता उलगडतो. नवी पेटी आली तेव्हा लॅपटॉपच्या नोंदवहीत जुना शब्द होता, म्हणून जुळणी फसू लागली. दुरुस्तीच्या मुलाने पहिल्या खेपेस जुनी नोंद पुसली, हे योग्यच केले. पण नव्याने जोडताना 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' या चौकटीत खूण करावयाची राहिली. म्हणजे घरचे जाळे यादीत आहे, पण आपणहून त्याकडे जाण्याची आज्ञा नाही. आणि फोनच्या हॉटस्पॉटपुढे ती आज्ञा नातवाने दिलेली आहे. यंत्र जागे झाले की आज्ञा असेल तिकडे जाते. फोन जवळ असेल तर फोनला जुळते व डेटा संपवते. फोन घेऊन सूनबाई बाजारात गेल्या असतील तर स्वस्थ बसते. मामंजींचे यंत्र काही विसरले नव्हते. त्यास जे सांगितले होते तेच ते निष्ठेने करीत होते.

उपायही तितकाच सरळ आहे. विंडोज अकरा असलेल्या लॅपटॉपवर 'सेटिंग्ज' उघडावे, 'नेटवर्क अँड इंटरनेट' येथे जावे, मग 'वाय-फाय', मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. तेथे आजवरच्या सर्व ओळखींची यादी दिसते. ती एकदा निवांतपणे वाचून पाहावी. कोठल्या हॉटेलचे, कोठल्या रेल्वे स्थानकाचे, कोण्या पाहुण्याच्या फोनचे नाव निघेल सांगता येत नाही. जे नको ते 'फर्गेट' करावे. घरच्या जाळ्याच्या नावावर जाऊन 'कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज' या चौकटीत खूण करावी. फोनच्या हॉटस्पॉटची नोंद संकटकाळासाठी ठेवावयाची असेल तर ठेवावी, त्याची खूण मात्र काढावी. ॲपलच्या लॅपटॉपवर याच सोयीस 'ऑटो-जॉइन' म्हणतात. आणखी एक लक्षात असू द्यावे : आपण स्वतः 'डिस्कनेक्ट' दाबले, तर यंत्र ती मालकाची इच्छा समजते आणि हाताने पुन्हा जोडीपर्यंत त्या जाळ्याकडे आपणहून वळेलच असे नाही. रात्री निजण्यापूर्वी दिवा मालवावा तसे काही जण नित्यनेमाने डिस्कनेक्ट करतात व सकाळी यंत्रास बोल लावतात.

त्या भगिनींनी मामंजींना नुसते एवढेच सांगितले की, यंत्र बिघडलेले नाही, त्याची यादी चुकली आहे. आणि आमचे पत्र त्यांच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्टूल मागवून लॅपटॉप खाली काढला. शिक्षकाला चुकलेली यादी स्वस्थ बसू देत नाही! सारी खटपट त्यांनी स्वतः केली, कोणाला हात लावू दिला नाही, आणि पायऱ्या आपल्या रोजनिशीत क्रमवार उतरवून घेतल्या. अकरा दिवसांत नऊ वेळा यंत्र आपणहून जुळले. उरलेल्या दोन वेळा नाही, आणि दोन्ही वेळा दुपारभर झाकण मिटून ठेवल्यानंतरची होती, हेही त्यांच्याच रोजनिशीत नोंदलेले आहे. अशी नोंद आम्हांस मिळाली म्हणजे अर्धे श्रम वाचतात.

ही दुसरी व्याधी निराळी आहे. झाकण मिटले की लॅपटॉप झोपी जातो, आणि बॅटरी वाचावी म्हणून आपल्या बिनतारी भागाची वीज तोडतो. जागे होताना तो भाग कधी कधी नीट उठत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' खाली बिनतारी यंत्राचे नाव शोधावे, त्याच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान असते. वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकास मुभा द्यावी काय, असा तेथे प्रश्न असतो. ती खूण काढावी. काही नव्या लॅपटॉपांवर हे पानच नसते; तेथे बिनतारी भागाचे ड्रायव्हर, म्हणजे त्या भागास चालविणारी आज्ञावली, लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून अद्ययावत करून घेणे हाच मार्ग. विंडोज दहाला मिळणारा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे जुने यंत्र बाळगणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

याच संदर्भात एक गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटते. विंडोजमध्ये 'शट डाउन' केले म्हणजे यंत्र कोरे होऊन उठते, असा समज आहे. 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर तसे होत नाही. लवकर उठता यावे म्हणून यंत्र आपल्या अंतरंगाचा मोठा भाग तसाच गोठवून ठेवते आणि उद्या तोच पुन्हा उलगडते, गाठीसकट. 'रीस्टार्ट' केले तर मात्र खरोखर नव्याने आरंभ होतो. तेव्हा बंद करून चालू केले तरी फरक नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा 'रीस्टार्ट' करून पाहावे. 'नेटवर्क रीसेट' हा उपाय अगदी अखेरचा. त्याने साऱ्या ओळखी व सारे परवलीचे शब्द पुसले जातात, म्हणून शब्द कागदावर लिहून ठेवल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये.

पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते, तेव्हाची तक्रार वेगळी. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटर पुन्हा उठून नाव पुकारू लागेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे जातात, आणि बाहेरच्या वाहिनीशी जुळावयास आणखी थोडा वेळ. तेवढा धीर धरावा. राउटरपुरता छोटा यूपीएस बाजारात मिळतो; घरून नोकरी करणाऱ्यांस किंवा परीक्षा देणाऱ्यांस तो परवडण्याजोगा आहे.

आता परवलीचा शब्द काढून टाकण्याच्या सल्ल्याविषयी. हा सल्ला आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो घातक आहे, असे स्पष्ट सांगतो. बिनकुलपाच्या जाळ्याला यंत्र चटकन जुळते हे खरे. पण जिन्यातला परका माणूसही तितक्याच चटकन जुळतो, आणि त्याने केलेल्या कामावर पत्ता आपल्या घराचा उमटतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याची जबाबदारी घेणारा संदेश स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे गेला होता. तपास नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोहोचला. त्या घरच्यांचा कटाशी संबंध नव्हता. त्यांचे बिनतारी जाळे उघडे होते, एवढेच. चौकशीचा जाच मात्र त्यांना सोसावा लागला. पुढल्या वर्षी दूरसंचार विभागाने बिनतारी जाळी सुरक्षित राखण्याविषयी सेवा पुरविणाऱ्यांना सूचना दिल्या. एके काळी घरात साधा रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना २००५ च्या जानेवारीत भारतात परवान्यातून सूट मिळाली. परवाना नाही, म्हणून राखणही नको, असे मात्र नाही.

आणि मदतीचे क्रमांक. ते शोधपेटीत टाकून मिळवू नयेत. बिलावर, पेटीच्या तळाशी किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये जो क्रमांक असेल तोच फिरवावा. पडद्यावरचा आकडा मागणारा, किंवा दुरून पडदा पाहण्याचे ॲप उतरवा म्हणणारा अनोळखी माणूस कितीही गोड बोलला तरी फोन खाली ठेवावा. हे करण्यात असभ्यता नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसा पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तो रोखण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. मामंजींनी फसवणारा क्रमांक फिरवला यात त्यांचा कमीपणा काहीच नाही. हा धंदा करणारे लोक रात्रंदिवस तेवढेच करीत असतात आणि बँकेतल्या माणसांसही ते चकवतात. सूनबाईंनी त्या प्रसंगाचा पुन्हा उल्लेख केला नाही, हे आम्हांस फार शहाणपणाचे वाटले.

वापीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, घरातल्या सर्व फोनांना नव्या पेटीचे नाव दिसते, जुन्या लॅपटॉपला मात्र दिसतच नाही, हे कसे? बहुधा पेटी दोन पट्ट्यांवर बोलते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पुष्कळ जुन्या लॅपटॉपांना त्यातली पहिलीच ऐकू येते. पेटी बसविणाऱ्याने २.४ ची पट्टी बंद ठेवली असेल तर ती चालू करून घ्यावी. नाव दिसते पण जोडणी नाकारली जाते, असे असल्यास पेटीत केवळ 'डब्ल्यूपीए ३' ही नवी कुलपाची पद्धत लावलेली आहे काय ते पाहावे. 'डब्ल्यूपीए २ आणि ३' असा मिश्र पर्याय असतो, तो निवडावा. २.४ ची पट्टी भिंतींतून बरीच पार जाते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पेट्यांची गर्दी व मायक्रोवेव्ह शेगडी यांचा तिला उपद्रव होतो. ५ ची पट्टी वेगवान, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपुढे दमते. राउटर लोखंडी कपाटामागे, आरशामागे वा पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नये. दूरदर्शनसंचाच्या मागे दडविण्याची जी रीत पडली आहे तीही सोडावी. उंच, उघड्या जागी, घराच्या मध्यावर तो असावा. दिसावयास शोभत नाही हे मान्य.

सिल्वासाच्या भगिनींचे तिसरे पत्र हा मजकूर छापावयास जाताना आले. पॉवर मॅनेजमेंटची खूण काढल्यापासून यंत्र एकदाही अडलेले नाही. मामंजींच्या टंकलेखनाने आता पणजोबांच्या पिढीपर्यंत मजल मारली असून, त्यांना मराठी टंकलेखनाचा कळफलक आपणहून इंग्रजीवर का उलटतो हे हवे आहे. खानवेलच्या एका वाचकांचाही नेमका तोच प्रश्न आहे. दोघांस मिळून उत्तर पुढील अंकी.